कपड्यांआड बाळगण्यासाठी कॉम्पॅक्ट पिस्तूल: घेण्यापूर्वी काय तपासावे

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घ्यायला गेलेल्या नवख्या माणसासमोर बहुधा सर्वांत आधी कॉम्पॅक्ट पिस्तूलच ठेवले जाते, आणि ते लहान, हलके व सोयीचे वाटल्यामुळे अनेकांचा निर्णय काउंटरवरच होऊन जातो. अडचण अशी की काउंटरवर जाणवतात ते सगळे गुण पिस्तूल बाळगण्याच्या सोयीचे असतात, तर त्याचे तोटे ते चालवताना समोर येतात. रेंजवर काडतुसांचा एखादा डबा संपवल्याशिवाय त्यांची नीट कल्पना येत नाही. म्हणून दोन्ही बाजू कोणत्या क्रमाने तपासाव्यात, कोणत्या आकड्यांकडे लक्ष द्यावे आणि कोणत्या आकड्यांना फार किंमत देऊ नये, हे येथे मांडले आहे. या साऱ्या तोलामोलाच्या मुळाशी पिस्तुलाचा एकच भाग आहे, तो म्हणजे मूठ. लपवायला सर्वांत अवघड तीच आणि नेम स्थिर ठेवण्याचे कामही तिचेच. त्यामुळे मूठ जितकी आखूड करावी तितके लपवणे सोपे आणि चालवणे कठीण होत जाते.

आधी कायदा

पिस्तुलाचा विचार करण्यापूर्वी आपण ते जवळ ठेवू शकतो का, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील मराठी वाचकाच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. एच-१बी किंवा एफ-१ यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, परंतु त्यांचा अर्थ वकिलाला विचारल्याशिवाय स्वतः लावू नये, कारण येथे चुकल्यास थेट फौजदारी गुन्हा दाखल होतो आणि पुढे स्थलांतराच्या प्रकरणावरही त्याचा परिणाम होतो. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही मनाई लागू नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, फॉर्म ४४७३ हा संघराज्याचा खरेदी-अर्ज भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते.

घेण्याचा हक्क आणि बाळगण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ मधील ब्रूएन निकालानंतर कोणतेही राज्य परवान्यासाठी ‘विशेष कारण’ दाखवण्याची अट घालू शकत नाही, आणि निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याविनाही कपड्यांआड पिस्तूल बाळगता येते. तरीही परवाना काढून ठेवावा, असे माझे मत आहे. शेजारच्या राज्यांत तो मान्य असेल तर प्रवासात उपयोगी पडतो, आणि शाळेच्या परिसरातील निर्बंधांतून संघराज्याचा कायदा जी सूट देतो ती राज्याच्या परवान्याशी जोडलेली आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी इतर राज्यांचे परवाने मानत नाहीत. पोलिसाने थांबवल्यावर आपल्याजवळ शस्त्र आहे हे आपण होऊन सांगावे की विचारल्यावर, याचे नियमही राज्यागणिक बदलतात.

कायद्याचा पिस्तुलाच्या निवडीवर थेट परिणाम कसा होतो, हे मॅगझिनच्या, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीच्या, मर्यादेवरून दिसते. न्यूयॉर्क, न्यू जर्सी व कॅलिफोर्नियात दहा काडतुसांहून मोठ्या मॅगझिनला मनाई आहे. तेथे पंधरा काडतुसांसाठी रुंद केलेली मूठ घेऊन तिच्यात दहाच घालायची असतील, तर रुंदीची किंमत मोजूनही तिचा लाभ मिळत नाही. अशा राज्यात दहा काडतुसांचे बारीक पिस्तूल अधिक शहाणपणाचे ठरू शकते.

आकारांची ओळख

‘कॉम्पॅक्ट’ या शब्दाची कोणतीही अधिकृत व्याख्या नाही, त्यामुळे जाहिरातीतील शब्दापेक्षा मोजमापे पाहावीत. ग्लॉक कंपनीचे उदाहरण सोयीचे आहे, कारण तिची बरीच पिस्तुले एकाच घडणीची असून केवळ मापांत वेगळी आहेत. पूर्ण आकाराच्या ग्लॉक १७ ची नळी ११४ मिमी असून मॅगझिनमध्ये १७ काडतुसे बसतात. १९८८ मध्ये आलेल्या ग्लॉक १९ ची नळी १०२ मिमी, मॅगझिनसह उंची १२८ मिमी आणि क्षमता १५ आहे. आज कॉम्पॅक्ट म्हटले की बहुतेकांच्या मनात हाच आकार असतो. त्याहून लहान ग्लॉक २६ ची उंची १०६ मिमी व क्षमता १० आहे. या लहान गटात खरा बदल २०१८ मध्ये सिग सावरच्या पी३६५ ने घडवला. सुमारे ७९ मिमी नळी, जेमतेम २७ मिमी रुंदी आणि मॅगझिनसह सुमारे ५०० ग्रॅम वजन असलेल्या या पिस्तुलात दहा काडतुसे बसतात. त्यापूर्वी एवढ्या बारीक पिस्तुलांत सहा ते आठच बसत. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डचे हेलकॅट अकरा काडतुसांचे मॅगझिन घेऊन आले. यांना मायक्रो-कॉम्पॅक्ट म्हणतात, आणि दुकानात कॉम्पॅक्ट म्हणून पुढे येते ते पुष्कळदा यांपैकीच एखादे असते.

लपते काय आणि दिसते काय

पिस्तुलाचा आकार कपड्यावर उमटून दिसणे याला प्रिंटिंग म्हणतात. नवख्याची समजूत अशी असते की नळी लांब असेल तर पिस्तूल दिसेल. प्रत्यक्षात कमरेच्या आत अडकवलेल्या पिस्तुलाची नळी पँटच्या आत खाली जाते आणि तेथे ती कोणाला दिसत नाही. मूठ मात्र पट्ट्याच्या वर राहते, शरीरापासून बाहेर झुकते, आणि माणूस वाकला की तिचे खालचे टोक शर्टाला तंबूच्या खांबासारखे आतून उचलते. त्यामुळे लपवण्याच्या दृष्टीने मुठीची उंची पहिली, एकूण रुंदी दुसरी आणि नळीची लांबी बरीच नंतरची मानावी. उलट थोडी लांब नळी होल्स्टरला (पिस्तूल ठेवण्याच्या म्यानाला) शरीराशी टेकण्यासाठी अधिक आधार देते आणि मूठ आत दाबली जाते; समोरच्या बाजूने अडकवणाऱ्यांना हा फरक लगेच जाणवतो.

या नियमाचा गमतीदार उलटा नमुना म्हणजे ग्लॉक १९एक्स: त्याला स्लाइड (झाडताना मागेपुढे सरकणारा वरचा भाग) ग्लॉक १९ एवढी आणि मूठ ग्लॉक १७ एवढी आहे, म्हणजे जे आखूड हवे ते लांब आणि जे लांब चालले असते ते आखूड. ते लष्करी चाचणीसाठी घडवलेले होते, त्यामुळे लपवण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही ते लोकप्रिय झाले, याचे श्रेय बऱ्याच अंशी भरपूर लांबीच्या मुठीला द्यावे लागेल. याच्या विरुद्ध टोकाला, बारीक अंगाचे ग्लॉक ४८ नळीच्या लांबीत ग्लॉक १९ च्या जवळपास आहे, परंतु रुंदी २८ मिमीच्या आसपास आणि क्षमता दहा आहे. सडपातळ बांध्याच्या माणसाने हे दोन एकामागोमाग कमरेला लावून पाहिले, तर काही मिलिमीटरांचा फरक किती मोठा असतो हे आकडे न वाचताही कळते.

लहानपणाची किंमत

एकच काडतूस दोन वेगवेगळ्या वजनांच्या पिस्तुलांतून झाडले, तर मागे ढकलणारा संवेग जवळजवळ सारखाच असतो. मात्र हातापर्यंत पोहोचणारी ऊर्जा पिस्तुलाच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. रिकाम्या मॅगझिनसह ग्लॉक १९ सुमारे ६७० ग्रॅमचे आणि पी३६५ सुमारे ५०० ग्रॅमचे धरले, तर लहान पिस्तुलाच्या धक्क्याची ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने अधिक निघते. त्यात मूठ आखूड, म्हणजे तो धक्का पेलायला बोटेही कमी. मधल्या दोन बोटांची पकड चांगली बसते, पण करंगळी मुठीखाली हवेत राहते किंवा मॅगझिनच्या बुडाच्या पट्टीवर कशीबशी टेकते. घाईने मॅगझिन आत ठोकताना त्या पट्टीच्या आणि मुठीच्या कडेच्या मध्ये तळहाताचे मांस सापडून सणसणीत चिमटा बसतो, आणि हात उंच धरण्याच्या नादात अंगठ्यालगतचे मांस स्लाइडच्या वाटेत आले तर तेथे दोन समांतर ओरखडे उठतात.

नेमावर होणारा परिणाम साध्या हिशेबाने समजतो. मागच्या आणि पुढच्या साइटमधील, म्हणजे नेम धरण्याच्या खुणांमधील, अंतर जितके कमी, तितकी जुळवणीतील चूक लक्ष्यावर मोठी होते. ग्लॉक १९ मध्ये हे अंतर १५० मिमीच्या किंचित वर आहे, तर मायक्रो-कॉम्पॅक्टमध्ये ते १३० मिमीच्या आसपास असते. पुढची साइट एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर पहिल्या पिस्तुलाची गोळी साधारण ६५ मिमी आणि दुसऱ्याची ७७ मिमी चुकेल. हा फरक फार मोठा नाही, आणि म्हणूनच मी साइटमधील अंतराचा बाऊ करत नाही. जवळच्या अंतरावर चुकणाऱ्या बहुतेक गोळ्या चाप ओढताना पिस्तूल हलल्यामुळे चुकतात, आणि हलक्या, आखूड मुठीच्या पिस्तुलात ते हलणे फार सोपे असते. रेड डॉट साइट लावल्यास दोन साइट जुळवण्याचा प्रश्न सुटतो, पण पकडीचा सुटत नाही. शिवाय बॅटरीकडे लक्ष ठेवावे लागते आणि पिस्तूल डोळ्यांसमोर आणताच लाल ठिपका दिसावा यासाठी निराळा सराव करावा लागतो.

काडतुसाचा प्रश्न

या आकारात ९ मिमी पॅराबेलम हे काडतूस घ्यावे, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयच्या दोन एजंटांचा बळी घेणाऱ्या चकमकीनंतर त्या संस्थेने काडतुसांची चाचणी पद्धतशीरपणे सुरू केली आणि जिलेटिनमध्ये गोळी शिरण्याची १२ ते १८ इंच, म्हणजे सुमारे ३० ते ४६ सेंमी खोली हा निकष ठरवला. नंतरच्या काळात ती मोठ्या काडतुसांकडे वळली आणि अखेर पुन्हा ९ मिमीकडे परतली, कारण आधुनिक ९ मिमी गोळी हा निकष गाठते, धक्का कमी देते आणि मॅगझिनमध्ये अधिक बसते. नळी आखूड झाली की गोळीचा वेग थोडा घटतो, आणि होलो पॉइंट (टोकाला पोकळ असलेल्या) गोळीचे आत शिरल्यावर उमलणे वेगावर अवलंबून असल्यामुळे ७९ मिमी नळीसाठी काडतूस निवडताना ते आखूड नळीतून तपासलेले आहे का, हे पाहावे. न्यू जर्सीसारख्या राज्यात होलो पॉइंट गोळ्या बाळगण्यावर निर्बंध आहेत, हेही विसरू नये.

.३८० एसीपी हे काडतूस सौम्य असते म्हणून नवख्यांना सुचवले जाते. हा सल्ला अर्धाच खरा आहे. काडतूस सौम्य असले तरी ते ज्या पिस्तुलांत येते त्यांपैकी काही फारच हलकी असतात. रुगर एलसीपी २७० ग्रॅमच्या आसपास आहे आणि तिचा धक्का हाताला ग्लॉक १९ पेक्षा अधिक झोंबतो. वॉल्थर पीपीकेसारख्या जुन्या घडणीत स्लाइड केवळ स्प्रिंगच्या व स्वतःच्या वजनाच्या जोरावर बंद राहते, त्यामुळे ती मागे ओढायला चांगलीच ताकद लागते. मनगटात जोर कमी असेल किंवा सांधेदुखी असेल, तर स्लाइड सहज ओढता यावी म्हणून मुद्दाम घडवलेले .३८० मधील पिस्तूल पाहावे. स्मिथ अँड वेसनचे शील्ड ईझी हे त्याचे उदाहरण आहे.

हातात घेऊन पाहणे

दुकानात पिस्तूल हातात आले की ते सुरक्षित दिशेला धरून, मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी. दुकानदाराने नुकतीच केली असली तरी पुन्हा करावी. मग पकड घ्यावी आणि पुढील गोष्टी पाहाव्यात. नळी हाताच्या हाडांच्या रेषेत असताना तर्जनीचे पहिले पेर चापावर बसते का, की त्यासाठी पकड फिरवावी लागते? मॅगझिनचे बटण पकड न सोडता दाबता येते का? स्लाइड ओढताना ती चिमटीत धरण्याऐवजी वरून पूर्ण पंजाने धरून दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकलून पाहावी. तशीही ती तीन-चार वेळा सलग ओढता येत नसेल, तर ते पिस्तूल आपले नव्हे. चापाची ओढ विचारून घ्यावी; ग्लॉकसारख्या पिस्तुलात ती अडीच किलोच्या आसपास असते.

स्वतंत्र सेफ्टी (गोळी सुटू न देणारी हाताची कळ) असावी की नसावी, यावर लोक हिरिरीने भांडतात. सेफ्टी असेल तर पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवताना एक जादा संरक्षण मिळते, पण काढताना ती उघडण्याची सवय हजारो पुनरावृत्तींनी बोटात मुरावी लागते. तेवढा सराव करण्याची तयारी नसेल तर सेफ्टी नसलेले पिस्तूल आणि चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर हीच जोडी मला अधिक विश्वसनीय वाटते. मात्र ‘सेफ्टी नको, चेंबर रिकामे ठेवतो’ हा मार्ग मी सुचवणार नाही, कारण त्यात एक हात अडकलेला असताना पिस्तूल तयार करता येईल हे गृहीत धरलेले असते. भरलेल्या चेंबरची धास्ती वाटत असेल, तर प्रशिक्षकाच्या देखरेखीखालचा सराव वाढवावा आणि ती धास्ती जाईपर्यंत पिस्तूल बाहेर नेऊ नये.

त्यानंतर रेंजवर भाड्याने मिळणारी पिस्तुले चालवून पाहावीत. एक कॉम्पॅक्ट आणि एक मायक्रो-कॉम्पॅक्ट एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या काडतुसांनी, सात मीटरवरील साध्या कागदाएवढ्या लक्ष्यावर चालवावे. आधी सावकाश पाच गोळ्या झाडाव्यात, मग नियमांत बसत असेल तर जरा वेगाने पाच. पहिल्या पाचांत दोन्ही पिस्तुले सारखीच वाटतील. वेग वाढला की लहान पिस्तुलाच्या गोळ्या पसरू लागतात, आणि उजव्या हाताने चालवणाऱ्याच्या बाबतीत त्या बहुधा खाली-डावीकडे जमा होतात. तो चाप हिसकल्याचा पुरावा असतो. डब्याच्या शेवटी कोणत्या पिस्तुलाने आणखी एक डबा झाडावासा वाटतो, हेही स्वतःला विचारावे. जे पिस्तूल चालवायला नकोसे वाटते त्याचा सराव होत नाही, आणि सराव नसलेल्या हातात त्याच्या लहान आकाराचा काही उपयोग नसतो.

होल्स्टर, पट्टा आणि घरातली तालीम

होल्स्टरवर पैसे वाचवू नयेत. कायडेक्ससारख्या कडक साहित्याचे, त्याच नमुन्याच्या पिस्तुलासाठी साच्यात घडवलेले, चाप पूर्णपणे झाकणारे आणि पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडे राहणारे होल्स्टर हवे. मऊ कापडी होल्स्टरचा काठ आत दुमडून चापाशी अडकू शकतो. पट्टा ताठ असावा, कारण सैल पट्ट्यावर वजन लोंबकळते आणि मूठ बाहेर झुकते. होल्स्टरला ‘क्लॉ’ नावाचा छोटा पंख असेल तर तो पट्ट्याला टेकून मूठ आत वळवतो; पुष्कळदा या एका तुकड्यामुळे कॉम्पॅक्ट पिस्तूल मायक्रोइतके लपते, आणि म्हणून लहान पिस्तूल घेण्यापूर्वी हा उपाय करून पाहावा. पर्समध्ये किंवा नुसत्या खिशात, इतर वस्तूंसोबत, होल्स्टरविना पिस्तूल ठेवणे कोणत्याही आकाराच्या बाबतीत धोक्याचे आहे.

पिस्तूल रिकामे करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, नेहमीच्या कपड्यांत घरात एक-दोन दिवस वावरावे. खाली पडलेली वस्तू उचलावी, वरच्या फळीवरचे काही काढावे, गाडीत पट्टा लावून बसावे. लपण्याचा खरा कस या हालचालींत लागतो. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवताना मात्र घाई कधीही करू नये: बोट चापापासून दूर, शर्ट पूर्ण बाजूला, नजर होल्स्टरच्या तोंडावर. शर्टाची दोरी किंवा कापडाची घडी चापात अडकून गोळी सुटण्याचे प्रकार याच क्षणी घडतात.

भरवसा आणि देखभाल

लहान पिस्तुलांत स्लाइडचा प्रवास कमी आणि स्प्रिंग कडक असल्यामुळे सैल मनगट, कमजोर काडतूस किंवा मळ यांना ती मोठ्या पिस्तुलांइतके सहन करत नाहीत. रिकामे कवच स्लाइडमध्ये उभे अडकणे हा त्यातला नेहमीचा प्रकार. म्हणून बाहेर नेण्यापूर्वी सरावाची दोनएकशे आणि प्रत्यक्ष बाळगायची निदान पन्नास काडतुसे, बाळगायच्या मॅगझिनांतूनच, एकही अडथळा न येता झाडली गेली पाहिजेत. हा खर्च पिस्तुलाच्या किमतीतच धरावा. रिकॉइल स्प्रिंग लहान पिस्तुलात लवकर थकते. ती किती गोळ्यांनंतर बदलायची हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहून गोळ्यांची नोंद ठेवावी. शरीराशी लागून राहिल्यामुळे घाम आणि कपड्यांचे तंतू आत जातात, तेव्हा महिनाभर एकही गोळी झाडली नसली तरी पिस्तूल उघडून पुसावे.

घरातील साठवण हा निवडीचाच भाग आहे, कारण सहज लपणारे पिस्तूल घरातही सहज इकडे-तिकडे ठेवले जाते. घरात बंदूक असल्यास आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढतो, हे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासांत सातत्याने आढळले आहे. घरात लहान मूल असेल किंवा कोणी नैराश्यातून जात असेल, तर पिस्तूल घेण्याचा निर्णय पुढे ढकलणे किंवा ते घराबाहेर सुरक्षित ठेवणे हाच योग्य मार्ग आहे. एरवीही अंगावर नसलेले पिस्तूल कुलूपबंद तिजोरीतच असावे. उशीखाली, कपाटात किंवा गाडीच्या कप्प्यात नव्हे.

रोज रात्री चेंबर रिकामे करून सकाळी तेच काडतूस पुन्हा भरण्याची सवय अनेकांना असते. वारंवार आत ढकलले गेल्याने त्या काडतुसाची गोळी कवचात मागे दबत जाते आणि झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो. त्याऐवजी कडक होल्स्टरसह पिस्तूल तसेच कमरेवरून सोडवून तिजोरीत ठेवावे, म्हणजे भरणे-रिकामे करणे टळते आणि चाप सतत झाकलेला राहतो. जेव्हा चेंबर रिकामे करावेच लागेल, तेव्हा ते काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभे धरून लांबी ताडून पाहावी, आणि डोळ्यांना फरक दिसला तर ते पुन्हा पिस्तुलात न घालता बाजूला काढून रेंजवर जमा करावे.